खोल अवकाशातून आलेला समालोचक

'समालोचन' ह्या शब्दाला मराठीत दोन घरे आहेत. एक घर वाङ्मयाचे. एखाद्या कवीच्या समग्र कवितेचा किंवा एखाद्या दशकातील कथेचा साकल्याने परामर्श घेतला, की त्याला आपण समालोचन म्हणतो. दुसरे घर मैदानाचे. रेडिओवर बाळ ज. पंडितांच्या आवाजात क्रिकेट ऐकत वाढलेल्या आमच्या वडिलांच्या पिढीला हा शब्द बहुधा तिकडूनच आधी भेटला असेल, आणि तोही 'धावते' हे विशेषण लावून. शब्द एकच, पण एका ठिकाणी उसंत हा त्याचा गुण, तर दुसऱ्या ठिकाणी घाई ही त्याची अट. ही दोन्ही घरे एकाच माणसाच्या चरित्रात शेजारी शेजारी यावीत असा योग क्वचितच येतो. जर्मन फुटबॉलपटू ग्युंटर नेत्सर ह्यांच्या बाबतीत तो आला, आणि म्हणूनच वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्यांच्या कारकीर्दीकडे जरा थांबून पाहावे असे आम्हांला वाटते.

नेत्सर आधी मधल्या फळीतले खेळाडू होते, मग एका मोठ्या संघाचे व्यवस्थापक झाले आणि अखेर दूरचित्रवाणीवरचे समालोचक. त्यांच्या खेळाची कीर्ती ज्या शब्दांत जर्मनीच्या स्मरणात राहिली, ते शब्द मात्र एका साहित्यसमीक्षकाचे होते. पुढे स्वतः नेत्सरच खेळाचे समीक्षक बनले, आणि मग त्यांना एक प्रश्न अगदी जाहीरपणे विचारला गेला : कालच्या खेळाच्या आठवणीवर आजचा खेळ तोलण्याचा तुम्हांला अधिकार कोणी दिला? हा प्रश्न फुटबॉलपुरता नाही, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

नेत्सर ह्यांचा जन्म १४ सप्टेंबर १९४४ चा, म्योन्शनग्लाडबाखमधला. ऱ्हाईनच्या पश्चिमेला, नेदरलँड्सच्या सीमेपासून फार दूर नसलेले हे कापडगिरण्यांचे शहर. तिथल्या बोरुसिया ह्या संघात ते १९६३ मध्ये दाखल झाले. पुढच्या वर्षी हेन्नेस वाइसवाइलर प्रशिक्षक म्हणून आले. वाइसवाइलर पेशाने शिक्षकच म्हणायचे. कोलोनच्या क्रीडा महाविद्यालयात ते प्रशिक्षकांना शिकवीत. १९६५ मध्ये हा संघ देशाच्या अव्वल साखळीत, म्हणजे बुंडेसलिगात, पोहोचला. बायर्न म्युनिकही त्याच वर्षी तिथे आला. संघ तरुण आणि बेधडक होता, म्हणून लोक त्याला 'शिंगरे' म्हणू लागले. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे ह्या शिंगरांनी अजिंक्यपद मिळवले; बुंडेसलिगा सुरू झाल्यापासून मिळवलेले अजिंक्यपद टिकवून धरणारा हा पहिलाच संघ. बोरुसियाकडून बुंडेसलिगात नेत्सर २३० सामने खेळले आणि त्यांनी ८२ गोल केले.

तथापि नेत्सर ह्यांचे वैशिष्ट्य ह्या आकड्यांतून कळत नाही. मधल्या फळीतल्या खेळाडूचे काम भाषेतल्या अव्ययासारखे असते. बचाव आणि चढाई ह्यांना जोडायचे, आणि जोडून झाले की स्वतः विसरले जायचे. नेत्सर विसरले गेले नाहीत, कारण त्यांनी ह्या जोडण्यालाच प्रेक्षणीय केले. लांब सोनेरी केस, ४७ क्रमांकाचे बूट, आणि मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, धावणाऱ्याच्या नेमके पुढे पडणारे लांब पास. त्यांना धावण्याची फारशी हौस नव्हती. ती उणीव भरून काढी हेर्बर्ट विमर. चेंडू हिसकावणे, रिकामी जागा राखणे, परतून येणे ही सगळी दमछाक विमरने करायची, आणि मान वर करून दूर पाहण्याची सवड नेत्सरना मिळायची. दंतकथेत विमरचे नाव फारसे येत नाही. वास्तविक १९७२ च्या युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात एक गोल विमरचा होता, आणि ज्या १९७३ च्या सामन्याची हकिकत पुढे येणार आहे त्यातला बोरुसियाचा पहिला गोलही विमरचाच. कोणत्याही 'प्रतिभावंता'चा इतिहास लिहिताना त्याच्या शेजारी धावणारा माणूस कसा गाळला जातो, ह्याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

आता २९ एप्रिल १९७२ कडे येऊ. युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व फेरीचा पहिला सामना, लंडनमधील वेम्ब्ली मैदान, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. सहा वर्षांपूर्वी ह्याच मैदानावर इंग्लंडने जर्मनांना हरवून विश्वचषक जिंकला होता, आणि इंग्लंडच्या भूमीवर जर्मन संघ तोवर एकदाही जिंकलेला नव्हता. नेत्सरना मधल्या फळीत मोकळीक मिळाली त्याला वोल्फगांग ओव्हराट ह्यांची दुखापतही कारण होती. नेत्सर आणि बेकेनबाउर ह्यांनी आळीपाळीने पुढे जायचे, एक पुढे गेला की दुसऱ्याने मागे थांबायचे, अशी त्या दिवशीच्या खेळाची लय होती. जर्मनीने सामना ३-१ असा जिंकला.

ही झाली आख्यायिका. प्रत्यक्ष सामन्याची नोंद थोडी वेगळी बोलते. होएनेसने पूर्वार्धात पहिला गोल केला खरा. पण ७७ व्या मिनिटाला फ्रान्सिस लीने बरोबरी साधली. सामना संपत आलेला असताना बॉबी मूरने हेल्डला पाडले आणि जर्मनीला पेनल्टी मिळाली. नेत्सरनी मारलेल्या चेंडूला गोलरक्षक बँक्सचा हात लागला, चेंडू खांबावर आदळला आणि मग आत गेला. त्यानंतर गेर्ड म्युलरने तिसरा गोल केला. ज्या विजयाला पुढे जर्मन फुटबॉलचे सौंदर्यशिखर मानले गेले, तो शेवटच्या काही मिनिटांपर्यंत अशा नाजूक धाग्यावर लोंबकळत होता. पुढे १८ जून रोजी ब्रसेल्समध्ये सोव्हिएत संघाला ३-० असे हरवून जर्मनीने अजिंक्यपद मिळवले. पण लोकांच्या मनात राहिली ती वेम्ब्लीची संध्याकाळ.

ती राहण्याचे एक कारण मैदानाबाहेर होते. वेम्ब्लीच्या दोनच दिवस आधी, २७ एप्रिल रोजी, चॅन्सेलर विली ब्रांट ह्यांच्याविरुद्धचा अविश्वासाचा ठराव बॉनच्या संसदेत फसला होता. पूर्वेकडच्या शेजाऱ्यांशी समेट करू पाहणारे ब्रांट तरले, आणि दोन दिवसांनी लांब केसांचा एक तरुण लंडनमध्ये निर्भयपणे खेळताना दिसला. दोन्ही घटना एकाच नव्या, मोकळ्या जर्मनीच्या खुणा म्हणून पुढे शेजारी मांडल्या गेल्या. बोरुसिया म्हणजे डावे आणि बायर्न म्हणजे उजवे, नेत्सर म्हणजे बंडखोर आणि बेकेनबाउर म्हणजे प्रस्थापित, असे एक सोयीस्कर द्वंद्वही तयार झाले.

हे द्वंद्व तपासून पाहिले तर टिकत नाही. ज्यांना बंडखोर म्हटले जात होते ते नेत्सर आपल्या संघाची मैदानावर विकली जाणारी पत्रिका स्वतःच्या व्यवसाय म्हणून चालवीत होते. १९७१ मध्ये त्यांनी गावात 'लव्हर्स लेन' नावाचा डिस्कोथेक काढला. त्यांना फेरारी गाड्यांचा शौक होता. बंड होते ते केसांत आणि राहणीत, राजकारणात नव्हे. हा दोष नेत्सरांचा नाही. तो वाचणाऱ्यांचा आहे. लेखकाच्या दाढीवरून त्याची विचारसरणी ठरवण्याची सवय आपल्याकडेही काही अगदीच अपरिचित नाही.

आता त्या साहित्यसमीक्षकाकडे वळू. कार्ल हाइन्झ बोरर (१९३२-२०२१) हे 'फ्रांकफुर्टर आल्गेमाइने' ह्या मातबर दैनिकाच्या वाङ्मय विभागाचे १९६८ पासून प्रमुख होते. त्यांच्यानंतर ती जागा मार्सेल राइश-रानिकी ह्यांच्याकडे गेली आणि बोरर त्याच दैनिकासाठी लंडनहून लिहू लागले. ऑक्टोबर १९७३ मध्ये पोलंडशी बरोबरी झाल्यामुळे इंग्लंडचा संघ विश्वचषकाच्या बाहेर पडला. त्या निमित्ताने इंग्लिश फुटबॉलच्या ऱ्हासावर लिहिताना बोररांना वेम्ब्लीचा तो सामना आठवला. खोल अवकाशातून अचानक पुढे घुसणाऱ्या नेत्सरमध्ये 'थ्रिल' होता, अशा आशयाचे वाक्य त्यांनी लिहिले. आणि हा थ्रिल म्हणजे काय, तर भूमितीचे ऊर्जेत होणारे रूपांतर, असे त्याचे विवरण केले. 'आउस डेअर टीफे डेस राउमेस', म्हणजे 'अवकाशाच्या खोलीतून', हे त्यातले पाच शब्द पुढे जर्मन भाषेत म्हणीसारखे रुळले. २००४ मध्ये नेत्सरनी हेल्मुट श्युमान ह्यांच्या साहाय्याने आत्मचरित्र लिहिले, त्याचे शीर्षकही हेच.

ह्या वाक्याकडे आपण वाङ्मयाचे विद्यार्थी म्हणून पाहू. पहिली गोष्ट 'राउम' ह्या शब्दाची. त्याचा अर्थ खोली, जागा, अवकाश. ह्या शब्दावर जर्मनीत एक काळी सावली होती. 'लेबेन्सराउम', म्हणजे जगण्यासाठी हवी असलेली भूमी, ही घोषणा देत नाझी राजवटीने पूर्व युरोपवर चाल केली होती. युद्ध संपल्याला अट्ठावीस वर्षे होत असताना एक समीक्षक तोच शब्द उचलतो आणि जिथे पुढे घुसण्याने कोणाची भूमी जात नाही अशा हिरवळीवर नेऊन ठेवतो. बोररांचा हेतू हाच होता असा आमचा दावा नाही. परंतु शब्दाला लागलेला डाग कधी कधी तो नव्या जागी वापरल्यानेच पुसट होतो, एवढे ह्या उदाहरणावरून म्हणता येईल.

दुसरी गोष्ट 'अचानक' ह्या क्रियाविशेषणाची. म्हणीत ते गळून गेले. पण बोररांच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे असावे. १९७८ मध्ये एर्न्स्ट युंगर ह्यांच्यावरील त्यांचा ग्रंथ आला आणि १९८१ मध्ये आकस्मिकता हीच सौंदर्यानुभवाची कोटी मानणारा त्यांचा लेखसंग्रह. त्याचे शीर्षकच 'आकस्मिकता' असे आहे. कलाकृतीचा क्षण इतिहासाच्या आणि नीतीच्या हिशेबातून निसटतो, अवचित उजळतो, अशी त्यांची धारणा होती. म्हणजे जो सिद्धान्त पुढे ग्रंथरूपाने आला, त्याचे बीज फुटबॉलवरच्या एका वाक्यात आधीच दिसते. त्या काळात जर्मन भाषेतील साहित्य फुटबॉलकडे पाहूही लागले होते. पेटर हांडके ह्यांची एका माजी गोलरक्षकावरची कादंबरी १९७० ची, आणि विम वेंडर्स ह्यांनी तिच्यावर केलेला चित्रपट १९७२ चा. बोररांनी मात्र साहित्यात फुटबॉल आणला नाही. फुटबॉललाच एखाद्या संहितेसारखे वाचले.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे वाक्य सामन्यानंतर दीड वर्षाने लिहिले गेले. तोवर नेत्सर जर्मनी सोडून माद्रिदला गेले होते. म्हणजे ज्याला आपण गौरव समजतो तो वस्तुतः विलाप होता. दंतकथा बहुधा अशीच जन्मते. वस्तू हातातून गेल्यावर शब्द येतो, आणि मग शब्दच वस्तूच्या जागी बसतो.

नेत्सर ज्या सामन्याने बोरुसियातून गेले तो २३ जून १९७३ चा, जर्मन चषकाचा अंतिम सामना. ड्युसेलडॉर्फचे मैदान, समोर शेजारचेच कोलोन. रेआल माद्रिदशी नेत्सरचा करार झाल्याचे सर्वांना कळले होते; त्या काही दिवसांतच त्यांच्या आईचे निधन झाले होते. वाइसवाइलरनी त्यांना पहिल्या अकरांत न घेता बाकावर बसवले. मध्यंतराला वाइसवाइलर त्यांना मैदानात उतरायला म्हणाले, तेव्हा नेत्सरनी नकार दिला. सामना एवढ्या वेगाने चालला होता, की आपल्या जाण्याने त्यात भर पडणार नाही असे त्यांचे मत होते. नव्वद मिनिटांनंतर १-१ अशी बरोबरी होती. उकाड्याने थकून पडलेल्या क्रिस्टियान कुलिक ह्या तरुण सहकाऱ्याला त्यांनी विचारले, पुढे खेळू शकशील का. तो नाही म्हणाला. मग प्रशिक्षकाच्या बाजूने जाताना 'आता मी खेळतो' एवढेच सांगून नेत्सर स्वतःच बदली खेळाडू म्हणून मैदानात गेले. जादा वेळेतल्या तिसऱ्या मिनिटाला रायनर बोनहोफशी एक देवघेव झाली, आणि आपल्या दुसऱ्याच स्पर्शात, डाव्या पायाने, त्यांनी चेंडू जाळीच्या वरच्या कोपऱ्यात धाडला. बोरुसियाने चषक २-१ असा जिंकला.

ही गोष्ट इतकी सुघटित आहे, की कथालेखकाने लिहिली असती तर संपादकाने ती परत पाठवली असती. खुद्द नेत्सर मात्र तिला गालबोट लावत आले आहेत. चेंडू आपल्याला नीट बसलाच नव्हता, तो बुटावरून घसरला. नीट बसला असता तर कदाचित गोल झालाच नसता, असे ते सांगत आले. पुढे त्यांचे जे समालोचन झाले त्याची किल्ली आम्हांला ह्या कबुलीत दिसते.

वाइसवाइलरनाही अशा गोष्टीत फक्त खलनायक करून चालणार नाही. ज्या खेळाडूला त्यांनी घडवले तोच त्यांना जुमानेनासा झाला, आणि हा अनुभव त्यांना एकदाच आला नाही. १९७५ मध्ये ते बार्सिलोनाला गेले, तिथे योहान क्रायफ ह्यांच्याशी त्यांचे बिनसले, आणि वर्षभरात त्यांना परतावे लागले. शिक्षक आणि प्रतिभावान विद्यार्थी ह्यांच्यातले हे नाते कोणाच्या बाजूने लिहायचे, हे लिहिणारा वर्गात कुठे बसला होता त्यावर ठरते.

माद्रिदमध्ये नेत्सर तीन वर्षे राहिले. रेआलच्या संघात खेळणारे ते पहिले जर्मन. १९७५ आणि १९७६ ची साखळी अजिंक्यपदे त्यांच्या वाट्याला आली. पण राष्ट्रीय संघातली जागा गेली. १९७४ चा विश्वचषक जर्मनीतच झाला आणि जर्मनीने तो जिंकला. त्यात नेत्सर खेळले ते फक्त पूर्व जर्मनीविरुद्ध हामबुर्गला, तेही सुमारे वीस मिनिटे. ओव्हराटच्या जागी ते उतरले, आणि त्यानंतर काही मिनिटांतच श्पारवासरने केलेल्या गोलने पश्चिम जर्मनी हरली. कागदावर ते जगज्जेते आहेत. पण ते त्यांनी कधी मिरवले नाही. देशासाठी एकूण ३७ सामने, ६ गोल. १९७७ मध्ये झ्युरिकच्या ग्रासहॉपर्स संघातून ते निवृत्त झाले.

पुढचा भाग दंतकथेला गैरसोयीचा, म्हणून कमी सांगितला जातो. हामबुर्गच्या संघाची पत्रिका आपल्याला चालवायला मिळावी म्हणून नेत्सर त्या संघाचे अध्यक्ष पाउल बेनथीन ह्यांच्याकडे गेले. अध्यक्षांनी उलट अट घातली : पत्रिका घ्या, पण संघाचे व्यवस्थापकही व्हा. नेत्सर प्रशिक्षक झाले नाहीत. प्रशिक्षक कोण असावा, कोणते खेळाडू घ्यावेत आणि त्याला पैसा किती लागेल, हे ठरवणे हे त्यांचे काम. ज्याने प्रशिक्षकाला न विचारता मैदानात पाऊल टाकले, त्याने व्यवस्थापक म्हणून कोणाला निवडावे? ब्रांको झेबेक ह्यांना, म्हणजे शिस्तीच्या बाबतीत कमालीच्या कठोर माणसाला. १९७९ मध्ये हामबुर्गने एकोणीस वर्षांनी अजिंक्यपद मिळवले. झेबेकना मद्याच्या व्यसनामुळे जावे लागले, तेव्हा पुढे नेत्सरनी एर्न्स्ट हापेल ह्या अबोल ऑस्ट्रियनाला आणले. १९८२ आणि १९८३ ची अजिंक्यपदे, त्या दरम्यान बुंडेसलिगात सलग ३६ सामने अपराजित, आणि २५ मे १९८३ रोजी अथेन्समध्ये माघाटच्या एकमेव गोलाने युवेंटसला हरवून युरोपीय चषक. प्लातिनी आणि रॉसी समोर असताना मिळवलेला हा विजय हामबुर्गच्या इतिहासातला सर्वोच्च ठरला.

व्यवस्थापकाच्या त्या आठ वर्षांत नेत्सरनी एकही पास दिला नाही; पण माणसामाणसांत अंतर किती ठेवायचे आणि कोणाला कोणासाठी मोकळे सोडायचे, हे मधल्या फळीचेच काम त्यांनी कचेरीत बसून केले. विमरची किंमत त्यांना कळली होती, असाही ह्याचा अर्थ घेता येईल.

१९८६ मध्ये हामबुर्ग सोडून ते स्वित्झर्लंडमध्ये क्रीडाप्रक्षेपणाच्या हक्कांच्या व्यवसायात गेले, आणि १९९८ पासून जर्मनीच्या एआरडी ह्या सार्वजनिक वाहिनीवर राष्ट्रीय संघाच्या सामन्यांचे विश्लेषण करू लागले. सोबत गेरहार्ड डेलिंग हे निवेदक. हे धावते समालोचन नव्हते. सामन्याआधी, मध्यंतरात आणि सामना संपल्यावर दोघे मेजाशी उभे राहून बोलत. धावण्याची हौस नसलेल्या माणसाला साजेसे हे थांबलेले समालोचन होते. दोघे एकमेकांना पडद्यावर कटाक्षाने 'आपण' म्हणत, आणि त्या औपचारिकतेच्या आडून एकमेकांना बोचकारत. नेत्सरची वाक्ये लांब, व्याकरणशुद्ध, चेहरा निर्विकार, स्तुती मोजकी. २००० मध्ये ह्या जोडीला आडोल्फ ग्रिम्मे पारितोषिक मिळाले. जर्मन दूरचित्रवाणीत ह्या पारितोषिकाला फार मान आहे.

इथे एक अडचण नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या काळात ते खेळाचे परीक्षण करीत होते, त्याच काळात ते प्रक्षेपणाचे हक्क विकणाऱ्या कंपनीचे संचालकही होते. ज्या मालाचा व्यापार, त्याच मालाची समीक्षा. ह्या स्थितीवर आक्षेप घेता येतो. पण निदान त्यांच्या बोलण्यातून मालाची जाहिरात झाली, असे कोणाला म्हणता आले नाही. तक्रार नेमकी उलट होती.

ती तक्रार फुटली ६ सप्टेंबर २००३ च्या रात्री. जर्मन संघ रेक्याविकला आइसलंडशी खेळला आणि सामना ०-० असा सुटला. नेत्सर आणि डेलिंग ह्यांनी ह्या खेळाला नवा नीचांक म्हटले. आदल्याच वर्षी संघाला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेणारे प्रशिक्षक रुडी फ्योलर ह्यांनी थेट प्रक्षेपणात संताप ओकला. त्याचा मथितार्थ असा : हे दरवेळचे 'नीचांक' ऐकून मी कंटाळलो आहे, नेत्सरच्या काळात तर उभ्या उभ्या फुटबॉल खेळत, ते बघवत नव्हते, आणि तेच आज आम्हांला शिकवतात!

फ्योलर ह्यांचा राग हास्यास्पद म्हणून त्या रात्री लोकप्रिय झाला. आम्हांला मात्र तो गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे. १९७२ चा खेळ आजच्या वेगाशी ताडून पाहिला तर खरोखरच संथ दिसतो. वेम्ब्लीची ती संध्याकाळ आठवणीत जेवढी उजळ आहे तेवढी नोंदीत नाही, हे आपण वर पाहिलेच. बोररांच्या वाक्याने झळाळी दिलेल्या भूतकाळासमोर कोणताही वर्तमान फिकाच पडणार. त्या फूटपट्टीने २००३ च्या संघाला मोजणे अन्याय्य आहे, हे म्हणणे खरे.

पण नेत्सर त्या फूटपट्टीने मोजत होते का? आम्हांला तसे वाटत नाही. ज्या माणसाने आपल्या सर्वांत प्रसिद्ध गोलाला चुकलेला फटका म्हटले, त्याने दंतकथेला माप मानलेले नसते. त्याचे माप साधे होते : अवकाश कुठे होता, तो कोणाला दिसला, कोणाला दिसला नाही. हे माप त्याने आधी स्वतःला लावले आणि मग इतरांना. फ्योलर ह्यांनी उत्तर दिले ते बोररांच्या नेत्सरला; मेजाशी उभा होता तो दुसराच नेत्सर. युरोपीय स्पर्धेत २००४ साली जर्मनी साखळी फेरीतच बाद झाली आणि फ्योलर पायउतार झाले, म्हणून नेत्सर बरोबर ठरले असे आम्ही म्हणणार नाही. निकालाने समीक्षेचा खरेखोटेपणा ठरत नाही. ती ठरते तिच्या मापाच्या प्रामाणिकपणाने. २०१० च्या विश्वचषकानंतर नेत्सरनी मेज सोडले. तोवर जर्मन संघ तरुण, चपळ, अवकाश हुडकणारा खेळ खेळू लागला होता, आणि त्याची स्तुती करताना त्यांनी आपल्या काळाचा दाखला देण्याची गरज नव्हती.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. आमच्या स्टाफरूममध्ये आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी म्हणतेच, की आता पूर्वीसारखी कविता राहिली नाही आणि पूर्वीसारखे विद्यार्थीही. म्हणणाऱ्यांत आम्हीही असतो. साठोत्तरीचा काळ आम्ही पाहिलेला नाही. तो आम्हांला कोणाच्या तरी चार झळझळीत शब्दांतून मिळालेला आहे, आणि त्या शब्दांनी आम्ही समोर बसलेल्या विशीतल्या मुलांची वही तपासतो. त्यांच्यातला एखादा फ्योलर उठून विचारील, की तुमच्या त्या थोर काळात खरोखर काय होते, तुम्ही स्वतः काय वाचले आहे आणि काय नुसते ऐकले आहे, तेव्हा आमच्याजवळ उत्तर असायला हवे. ते उत्तर त्या काळाच्या थोरवीत सापडणार नाही. चेंडू आम्हांलाही नीट बसला नव्हता, हे आधी सांगता आले, तरच पुढचे समालोचन करण्याचा काही अधिकार आम्हांला उरेल.